विषय: औशाच्या भाच्यासाठी हेडफोन नेऊ का?

नमस्कार मंडळी,
भाचा औसा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत दुसरीला आहे. ऑटिझम असल्याचं गेल्या वर्षी कळलं. घंटा झाली की कान दाबून दाराशी जाऊन बसतो. दिवाळीनंतर गावी जातोय. इथल्यासारखे आवाज दाबणारे हेडफोन आणि टॅबलेट न्यावेत का? ताई फार खचली आहे.

*

दादा,
हेडफोन जरूर न्या, फक्त प्रार्थनेपुरते वापरा. दिवसभर घातले तर साधा आवाजही सोसेनासा होऊ शकतो. टॅबलेटची घाई नको.

मी इथल्या प्राथमिक शाळेत अशाच मुलांच्या वर्गात मदतनीस आहे. माहेर अंबाजोगाईचं. मागच्या जानेवारीत मावसबहिणीच्या वर्गात महिनाभर बसले. तिथंही असंच एक लेकरू. ती म्हणाली, "हट्टी न्हाई गं ते, पुढं काय व्हायलंय तेच त्याला कळंना."

मग आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर फोटो चिकटवले: परिपाठ, वाचन, खिचडी, घर. फोटो त्याच शाळेचे, ताटलीसुद्धा त्याचीच. एक काम झालं की ते कार्ड काढून तो बिस्किटाच्या डब्यात टाकायचा. डब्यात पडल्याचा टप् आवाज त्याला फार आवडे. सुट्टीच्या पाच मिनिटं आधी बाई खिचडीचं कार्ड त्याच्यापुढं ठेवत. पुढं टोल द्यायचं कामही त्यालाच दिलं. तीन आठवड्यांनी हात कानावर जायचे, पण पोरगं जागचं उठत नव्हतं. मला तेवढ्यानंच भरून आलं.

सूचना तोडून द्यायला सांगा. "आधी पाढा, मग माती," एवढंच. बसायची जागा रोज तीच, खिडकीपासून लांब.

आणि ताईंना सांगा, हे मागताना संकोच नको. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. लेकराच्या गरजेप्रमाणे सोय करणं शाळेचं कर्तव्य आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या शिक्षण विभागाच्या केंद्रात, विशेष शिक्षकांची चौकशी करा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसेल तर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज आताच भरा.

*

ताई, तुमचा मेल बहिणीला फोनवर वाचून दाखवला. लग्नपत्रिकांचा गठ्ठा तिनं लगेच काढला. एक विचारायला सांगितलंय: तो खिचडीला शिवत नाही, घरून भाकरी नेतो. मग फोटो कशाचा?

*

त्याच्याच डब्याचा, दादा. झाकण उघडं ठेवून, आत भाकरी दिसेल असा.