सामायिक सर्व्हरवर ब्राउझरचे एक्स्टेन्शन फक्त ॲडमिनलाच चालते

खतावणी (प्रश्न)
आमच्या कार्यालयात विंडोज सर्व्हर २०१९ वर सर्वजण रिमोट डेस्कटॉपने एकाच वेळी काम करतात. विवरणपत्रांवर डिजिटल स्वाक्षरी करण्यासाठी क्रोमचे एक एक्स्टेन्शन आणि त्याच्या जोडीचा एक छोटा प्रोग्रॅम लागतो. हा प्रोग्रॅम मी ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून बसवला. माझ्याकडे सर्व सुरळीत चालते, परंतु इतरांनी तेच एक्स्टेन्शन घेतले तरी ‘नेटिव्ह मेसेजिंग होस्ट सापडला नाही’ असा संदेश येतो. एका सहकाऱ्याला तात्पुरते ॲडमिन गटात घालून पाहिले, तरी संदेश तोच आहे. परवानगी नेमकी कुठे द्यावी?

दप्तरदार
ॲडमिन गटात घालूनही फरक पडला नाही, त्या अर्थी अडचण अधिकारांची नसून नोंदीची असावी. एक्स्टेन्शनच्या जोडीचा प्रोग्रॅम म्हणजेच ‘नेटिव्ह मेसेजिंग होस्ट’. त्याला क्रोम विंडोजच्या रजिस्ट्रीतील, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीतील, ‘नेटिव्ह मेसेजिंग होस्ट्स’ या किल्लीखाली शोधते. ही किल्ली एचकेसीयूमध्ये, म्हणजे त्या एका वापरकर्त्यापुरती, किंवा एचकेएलएममध्ये, म्हणजे संपूर्ण यंत्रासाठी असू शकते. आपल्या इन्स्टॉलरने बहुधा पहिल्या ठिकाणी नोंद केली असून फाइलीही आपल्याच ॲपडेटा फोल्डरमध्ये ठेवल्या असतील, जिथे सामान्य वापरकर्त्याला प्रवेश नसतो. प्रोग्रॅम काढून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय निवडून प्रोग्रॅम फाइल्समध्ये पुन्हा बसवावा आणि एचकेएलएममधील नोंद तेथील मॅनिफेस्ट फाइलकडेच (प्रोग्रॅम कुठे आहे आणि तो कोणत्या एक्स्टेन्शनने वापरावा हे सांगणारी फाइल) निर्देश करते ना, हे तपासावे. प्रोग्रॅम फाइल्समध्ये वाचण्याची व चालवण्याची मुभा सर्वांना मुळातच असते. घाईने ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल मात्र देऊ नये, कारण मग कोणताही वापरकर्ता ती फाइल बदलू शकतो आणि बदललेली फाइल इतरांच्या सत्रात चालते.

बिनतारी
यात एक भर घालतो. एक्स्टेन्शन स्वतः प्रत्येकाच्या क्रोम प्रोफाइलमध्ये वेगळे बसते, त्यामुळे ते ग्रुप पॉलिसीतील (ॲडमिनने सर्वांना एकदम लागू करायच्या सेटिंग्जमधील) सक्तीच्या यादीतून दिल्यास प्रत्येकाला स्टोअरमध्ये जावे लागत नाही. असे एक्स्टेन्शन वापरकर्त्याला काढता येत नाही आणि त्याने मागितलेल्या परवानग्या न विचारता मंजूर होतात, म्हणून या यादीत नाव घालण्यापूर्वी त्या परवानग्या वाचून घ्याव्यात. पुढे ‘होस्ट वापरण्यास मनाई’ असा संदेश आला, तर फोल्डरच्या परवानग्या उकरत बसू नये. मॅनिफेस्टमधील अनुमत एक्स्टेन्शनचा आयडी जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

खतावणी
नोंद खरोखरच माझ्या एचकेसीयूमध्ये होती. पुन्हा बसवल्यावर प्रोग्रॅम सर्वांकडे सुरू झाला, मात्र सर्व्हरला लावलेला यूएसबी टोकन (डिजिटल स्वाक्षरी ज्यात असते ते छोटे उपकरण) कोणालाच दिसत नाही.

दप्तरदार
रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात स्मार्ट कार्डविषयीच्या (विंडोजच्या दृष्टीने असा टोकनही स्मार्ट कार्डच) विनंत्या सर्व्हरच्या पोर्टकडे न जाता वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकाकडे वळवल्या जातात. त्यामुळे टोकन आपल्या टेबलावरील संगणकाला लावावा आणि जोडणी करताना ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये स्मार्ट कार्डची खूण करावी. टोकनचे सॉफ्टवेअर सर्व्हरवरही लागेल. टोकन ज्याच्या नावाचा आहे त्याच्याच ताब्यात असणे अपेक्षित असल्याने तो सर्व्हरला कायमचा लावून ठेवणे तसेही योग्य नव्हते.