मदत हवी आहे: मुंबई अग्निशमन दलातील घोड्यांच्या बंबांच्या काळाविषयी

नमस्कार मंडळी. माझे पणजोबा मुंबईच्या अग्निशमन दलात मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, होते, असे आजी सांगत असे. त्यांचा पितळी बिल्ला आमच्याकडे आहे. त्याच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, मागच्या दोन कड्यांपैकी एक तुटली आहे, मात्र आकडा अजून स्पष्ट वाचता येतो.

1803 साली मुंबईच्या कोटात (आजच्या फोर्ट भागात) भीषण आग लागली, तेव्हा शहरात संघटित दल नव्हते. पुढे हे काम पोलिसांच्या हाताखाली अर्धवेळ चाले आणि 1888 च्या महापालिका कायद्याने ती जबाबदारी पालिकेकडे आली. 14 एप्रिल 1944 च्या गोदीतील स्फोटात हुतात्मा झालेल्या 66 जवानांची आठवण दरवर्षी काढली जाते, आणि ती काढलीच पाहिजे. पण वाफेचे बंब ओढणारे घोडे आणि त्यांची निगा राखणारी माणसे यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्या काळातील हजेरीपट किंवा पगारपत्रके काळा घोडा येथील राज्य पुराभिलेखागारात पाहावीत, की पालिकेच्या जुन्या वार्षिक अहवालांत? आणि बिल्ल्यावरील आकडा माणसाचा असे की ठाण्याचा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.