प्राण्यांच्या पराक्रमाच्या खऱ्या गोष्टी सुचवा (हचिको सोडून)

रानजाई

नमस्कार मंडळी. वाचनालयात मुलांसाठी एक छोटं प्रदर्शन लावायचं घाटतंय. विषय: काहीतरी अचाट करून गेलेले प्राणी. मुलं साधारण आठ ते बारा वर्षांची. भिंतीवर सहा फलक मावतील, त्यामुळे निवड करावीच लागणार आहे.

अटी थोड्या आहेत. गोष्ट खरी हवी, म्हणजे पदक, सरकारी नोंद, संग्रहालयात ठेवलेलं काहीतरी, असा धरायला दोरा हवा. सगळे कुत्रेच नकोत. आणि प्रत्येक फलकाच्या शेवटी प्राणी गेला, मग पुतळा झाला, असंही नको. हचिको, म्हणजे गेलेल्या मालकाची स्टेशनवर वर्षानुवर्षं वाट पाहणारा जपानी कुत्रा, सगळ्यांना पाठ आहे, म्हणून तो आधीच बाजूला ठेवलाय.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या गोष्टी कृपया देऊ नका. त्या माझ्याकडे पोत्यानं आहेत.

तिरसट

कुत्रा एकच घ्यायचा असेल तर टोगो घ्या. बाल्टो नको.

१९२५च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. लस म्हणजे खरं तर प्रतिविष, ते शेकडो मैल लांब. बंदर गोठलेलं, विमानांचा भरवसा नाही. मग वीस गाडीवानांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी हातोहात करत १,०८५ किलोमीटर बर्फातून ते साडेपाच दिवसांत पोचवलं. शेवटच्या टप्प्यात गनर कासेनच्या गाडीपुढे बाल्टो होता, म्हणून छायाचित्रं त्याची निघाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळाही उभा राहिला.

लेओनहार्ड सेप्पालाच्या गाडीपुढचा टोगो तेव्हा बारा वर्षांचा, कुत्र्याच्या हिशेबात म्हातारा. औषध घेऊन त्याची तुकडी ९१ मैल धावली. बाकीच्यांच्या वाट्याला सरासरी तीसेक मैल आले होते. त्यात नॉर्टन साउंड, म्हणजे गोठलेला समुद्र, जो वाऱ्यानं कधीही फुटून वाहून जाऊ शकतो. औषध घ्यायला जाताना तो एकदा ओलांडला आणि घेऊन येताना पुन्हा.

मुलांना हा फलक आवडेल, कारण 'शेवटी कोण दिसला' आणि 'जास्त कुणी ओढलं' हा फरक त्यांना वर्गातल्या प्रकल्पांमुळे चांगला कळतो.

गोधडी

@तिरसट, बाल्टोवर एवढा राग का? हिमवादळात कासेनला स्वतःचा हात दिसत नव्हता, तिथं वाट बाल्टोनं धरून ठेवली. पुढचा गाडीवान झोपला होता म्हणून त्यानं तसंच पुढं रेटलं. बाल्टोनं काय जाहिरात करायला सांगितली होती? पुढं तर त्याची आणि सोबत्यांची रवानगी पैसे घेऊन प्राणी दाखवणाऱ्यांकडे झाली. १९२७ साली क्लीव्हलंडच्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना सोडवलं. शाळकरी मुलांनीसुद्धा नाणी दिली होती. रानजाईताई, मुलांच्या प्रदर्शनात हे यायला नको का?

तिरसट

यावं की. टोगोच्याच फलकावर खालच्या कोपऱ्यात.

डाकघर

कबुतरांशिवाय हा विषय होऊच शकत नाही. इंग्लंडमध्ये प्राण्यांच्या शौर्यासाठी डिकिन पदक आहे, १९४३ साली मारिया डिकिन यांनी सुरू केलेलं. १९४९पर्यंत ५४ पदकं दिली गेली. त्यातली ३२ कबुतरांना, १८ कुत्र्यांना, तीन घोड्यांना आणि एक मांजराला. आकडेच बघा. आपण मात्र शौर्य म्हटलं की कुत्रा.

माझी शिफारस विंकी. १९४२चा फेब्रुवारी. नॉर्वेकडून परतणारं एक ब्रिटिश बॉम्बफेकी विमान उत्तर समुद्रात कोसळलं. चौघे जण रबरी होडीत, नेमकी जागा कुणाला कळवता आलेली नाही. सोबत नेलेली कबुतराची मादी सुटली आणि सुमारे १९० किलोमीटर उडून स्कॉटलंडमध्ये आपल्या खुराड्यात पोचली. पंख तेलानं माखलेले, जीव अर्धा झालेला. तिच्या पायाला चिठ्ठी नव्हती!

इथं गोष्टीतली खरी गंमत सुरू होते. मालकानं हवाई दलाला कळवलं. त्यांनी विमान कोसळल्याची वेळ, कबुतर पोचल्याची वेळ, वाऱ्याची दिशा आणि पंखांवरच्या तेलानं वेग किती घटला असेल, असा सगळा हिशेब मांडून जागा काढली, आणि माणसं सापडली. पाचवी-सहावीच्या मुलांना वेळ-वेग-अंतराचं गणित असंच ठेवता येईल. उत्तर म्हणून चार माणसांचे जीव.

पहिली तीन डिकिन पदकं डिसेंबर १९४३मध्ये दिली गेली, तिन्ही कबुतरांना. विंकी त्यांतली एक.

चष्मेवाला

कबुतर म्हणजे शेर आमी ना? पाय तुटलेलं, छातीत गोळी, तरीही चिठ्ठी पोचवली. माझ्या मते पहिला फलक तोच.

डाकघर

घ्या, पण जपून. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१८मध्ये, फ्रान्समधल्या आर्गोनच्या जंगलात मेजर व्हिटलसीची अमेरिकी तुकडी जर्मनांच्या वेढ्यात सापडली आणि वर स्वतःच्याच तोफांचा मारा सुरू झाला, हे पक्कं. तोफा थांबवा, अशी त्यांची चिठ्ठी कबुतरानं गेली, हेही पक्कं. शेर आमी जबर जखमी होऊन परतलं आणि आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात पेंढा भरून ठेवलंय, तेही खरं. मात्र ती चिठ्ठी ह्याच कबुतराच्या पायाला होती, असं ठाम सांगणारी त्या वेळची नोंद मिळालेली नाही. हे तिथल्या अभ्यासकांनीच लिहिलंय. त्याला बराच काळ मादी समजत होते. अलीकडे डीएनए तपासला, नर निघाला.

रानजाई, तुमच्या अटीत हे बसतं का ते तुम्हीच ठरवा. मी तरी विंकीकडेच जाईन.

उंटावरचा शहाणा

सगळी विलायती पाखरं गोळा करताय. आपली यशवंती कुठे गेली? घोरपडीला दोर बांधून कोंढाणा सर केला! आणि चेतक?

तिरसट

शहाणे, पहिलीच अट वाचा. सभासदाच्या बखरीत कोंढाण्याची हकिकत आहे, कडा चढून जाणारे मावळे आहेत, घोरपड नाही. ती आली पोवाड्यातून. हळदीघाटीची लढाई १५७६ची, पण चेतक हे नाव फार नंतरच्या काव्यांत येतं. पोवाडा म्हणून मलाही यशवंती प्रिय आहे. तिचं वेगळं प्रदर्शन लावा, मी येईन.

आपल्याकडचा, नोंद असलेला हवा असेल तर मुंबई पोलिसांचा जंजीर. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर ह्या लॅब्राडॉरनं तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स, शेकडो डिटोनेटर आणि हातबॉम्ब हुडकून दिले. २०००मध्ये हाडांच्या कर्करोगानं गेला.

उंटावरचा शहाणा

मावळ्यांना कमी लेखायला घोरपड कुणी आणली नव्हती. असो. जंजीर मान्य.

टिटवी

वास हुडकण्यावरून आठवलं, मगावा घ्याच. उंदीर आहे! मुलं तिथून हलणार नाहीत.

आफ्रिकेतला हा मोठा गालपिशवीवाला उंदीर, जन्म टांझानियात, नोकरी कंबोडियात. अपोपो ही संस्था ह्या उंदरांना भूसुरुंग शोधायला शिकवते. त्यामागचा विचार साधा आहे. धातुशोधक यंत्र जमिनीतल्या प्रत्येक खिळ्याला आणि डब्याच्या झाकणाला ओरडतं, मग प्रत्येक जागी बसून उकरत राहायचं. उंदीर लोखंडाकडे बघत नाही, त्याला सुरुंगातल्या टीएनटी ह्या स्फोटकाचा वास शिकवलेला असतो. टेनिसच्या मैदानाएवढी जागा मगावा अर्ध्या तासात हुंगून काढायचा. यंत्र घेतलेल्या माणसाला त्यालाच चार दिवस लागू शकतात. आणि वजन सव्वा किलोच्या आत, त्यामुळे सुरुंगावर चढला तरी तो फुटत नाही.

शिकवण्याची पद्धतही फलकावर दाखवता येईल: टिक् असा आवाज, लगेच खाऊ. आधी आवाज म्हणजे खाऊ हे पक्कं करायचं, मग बरोबर वासाजवळ थांबला तरच आवाज. केळं आणि शेंगदाणे ही पगाराची रक्कम.

२०२०मध्ये पीडीएसएचं सुवर्णपदक मिळालं. हीच ती डिकिन पदकवाली संस्था. तोवर त्यांनी उंदराला कधी पदक दिलं नव्हतं. पदकासह त्याचा फोटो आहे, छोटासा निळा पट्टा गळ्यात. २०२१मध्ये सेवानिवृत्त झाला, पुढच्या जानेवारीत म्हातारपणानं गेला. म्हणजे रानजाई, तुमची 'शेवटी मेला' ही अट थोडी वाकवावी लागेल, पण पेन्शन खाऊन मेला.

रानजाई

मगावा पक्का! टिटवी, पगाराची ओळ मी जशीच्या तशी उचलणार आहे.

आता अंतराळातल्या प्राण्यांबद्दल सांगा. लायका घ्यावी की नाही, ह्यावर माझंच मन ठरत नाहीये.

गोधडी

घेऊ नका. किंवा घ्यायची तर 'पराक्रम' ह्या मथळ्याखाली नको. मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री. ३ नोव्हेंबर १९५७ला स्पुटनिक-२मधून पाठवली, परत आणायची सोयच केलेली नव्हती. काही दिवस जगली, असं जगाला सांगितलं. ती काही तासांतच उष्णतेनं गेली होती, हे २००२ साली बाहेर आलं. मोहिमेतल्या शास्त्रज्ञांपैकी ओलेग गाझेंको यांनी म्हातारपणी उघड खंत व्यक्त केली होती. तिला शूर म्हटलं की पाठवणाऱ्यांचं ओझं हलकं होतं, असं मला वाटतं.

बेल्का आणि स्ट्रेल्का ह्या दोन सोव्हिएत कुत्र्या घ्या हवं तर. १९६०च्या ऑगस्टमध्ये पृथ्वीभोवती फिरून दोघी जिवंत परतल्या. स्ट्रेल्काच्या एका पिल्लाला, पुशिंकाला, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींच्या घरी भेट म्हणून पाठवलं.

चष्मेवाला

ह्या हिशेबानं सगळेच बाद होतील. टोगोनं काय अर्ज केला होता? मगावाला सुरुंग म्हणजे काय ते ठाऊक होतं? प्राण्याला हेतू माहीत असावा अशी अट घातली तर भिंत कोरीच राहील.

गोधडी

हेतू माहीत नसू दे. पण टोगो परतला, मगावा केळं खाऊन झोपला. लायकाच्या वाट्याला काय आलं? माझा मुद्दा तेवढाच आहे.

निवांत

ह्या वादासाठी चांगलं उदाहरण बिंटी जुआ. १९९६च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात तीन वर्षांचा एक मुलगा गोरिलांच्या कुंपणात पडला. बिंटीनं त्याला उचललं, कुशीत धरलं आणि रखवालदार ये-जा करतात त्या दाराशी आणून ठेवलं. तिचं स्वतःचं पिल्लू तेव्हा तिच्या पाठीवर होतं. जगभर बातमी झाली: गोरिलाची माया!

पण बिंटीला लहानपणी माणसांनी वाढवलं होतं. आईपण जमावं म्हणून बाहुली देऊन पिल्लू कसं सांभाळायचं, कसं आणून दाखवायचं, हे शिकवलं होतं. मग ती माया होती की शिकवणी? मी हा प्रश्न फलकावर तसाच छापेन, खाली रिकामी जागा ठेवून. मुलांना पेन्सिल द्या, लिहू दे.

शिंपला

उशिरा आले. समुद्रातलं कुणीच नाही? पेलोरस जॅक, न्यूझीलंडचा रिसो डॉल्फिन. १८८८ ते १९१२, म्हणजे जवळजवळ पाव शतक तो कुक सामुद्रधुनीच्या बाजूला जहाजांना सामोरा यायचा आणि सोबत पोहायचा. खलाशी त्याला वाटाड्या मानायचे. बहुधा त्याला जहाजाच्या नाकाशी उठणाऱ्या लाटेवर स्वार व्हायला आवडायचं, पण त्यानं प्रेम कमी झालं नाही. १९०४मध्ये सरकारी हुकूम निघाला की त्या भागात ह्या जातीच्या डॉल्फिनला पकडायचं नाही. एका डॉल्फिनसाठी कायदा!

आणि अजून एक जॅक. दक्षिण आफ्रिकेत युटेनहेग स्थानकावर जेम्स वाइड नावाचा सिग्नलवाला होता, दोन्ही पाय गाडीखाली गेलेले. त्यानं १८८०च्या दशकात एक बबून पाळला. आधी ढकलगाडी ढकलायला, मग सिग्नलचे दांडे ओढायला शिकवला. इंजिनाची शिट्टी किती वेळा वाजली त्यावरून कुठला दांडा, हे जॅकला पाठ. प्रवाशांनी तक्रार केल्यावर रेल्वेच्या साहेबांनी येऊन परीक्षा घेतली आणि माकडाला नोकरीवर ठेवलं! रोजचा शिधा, आठवड्याला अर्धी बाटली बिअर. १८९०मध्ये क्षयानं गेला. कवटी अजून तिथल्या अल्बनी संग्रहालयात आहे.

तिरसट

शिंपला, दुसरा जॅक जबरदस्त. ह्याला तर परीक्षा देऊन नोकरी लागली, वशिला नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा ठरले: टोगो (कोपऱ्यात बाल्टो आणि मुलांची नाणी), विंकी गणितासकट, मगावा, सिग्नलवाला जॅक, जंजीर आणि बिंटी जुआ. बिंटीखाली निवांत म्हणतात तशी रिकामी जागा. शेर आमी आणि लायका ह्यांना भिंतीवर जागा नाही, पण मोठ्या मुलांसाठी टेबलावर एक वही ठेवेन, त्यात डाकघर आणि गोधडी यांचे मुद्दे जातील. पेलोरस जॅकसाठी जीव तुटतोय, सातवा फलक मावत नाही.

शिंपला

दारावर लावा त्याला. वाटाड्याच आहे.

रानजाई

हे बेस्ट! दारावरच.

टिटवी

ते ठीक, पण बबूनच्या फलकावर बिअरचं काय करणार? मुलांचे आईबाप वाचणार.

रानजाई

लिहिणार. अर्धीच बाटली होती.