आरोपी, गुन्हेगार, दोषमुक्त : कोणाला कधी काय म्हणायचं?

प्रश्न : फौजदारी न्यायव्यवस्थेची ओळख हा विषय यंदा पहिल्यांदाच शिकतेय. टिपणं मराठीत काढते आणि रोज कुठेतरी अडते. परवा लिहिलं, 'गुन्हेगाराला न्यायालयीन कोठडी मिळाली.' मैत्रिणीने 'गुन्हेगार' खोडून 'आरोपी' केलं. ते पटलं. पण 'फिर्यादी' म्हणजे फिर्याद करणारा, तर 'आरोपी' म्हणजे आरोप करणारा का नाही? आणि 'दोषमुक्त' म्हणजेच 'निर्दोष' ना?

प्रतिसाद : शेवटचा 'ई' नुसता संबंध सांगतो, बाजू सांगत नाही. 'रोगी' रोग करत नाही, त्याला रोग असतो. 'आरोपी' त्याच चालीचा, ज्याच्या नावावर आरोप आहे तो. 'फिर्यादी' मात्र फिर्याद घेऊन येणारा. दिसायला जुळे, पण एक इकडच्या काठावर, दुसरा तिकडच्या.

'गुन्हेगार'चं तसं नाही. 'गार' हा फारसी प्रत्यय कर्ता दाखवतो, म्हणजे शब्दातच निकाल लागून गेला. न्यायालयाने दोषी ठरवेपर्यंत तो वापरूच नये. संशयित, मग आरोपी, मग दोषी किंवा निर्दोष, असा क्रम ठेवा. (बातम्यांतला 'सराईत गुन्हेगार' हा पोलिसांच्या बोलीतला. ताज्या प्रकरणात अजून साधं आरोपपत्रही नसतं, पण हे विशेषण चिकटलेलं असतं. मला तो शब्द खटकतो.)

आता 'दोषमुक्त'. इथे खरा घोळ आहे, आणि तो तुमचा नाही, वापराचा आहे. तपास संपला की पोलीस न्यायालयात देतात ते आरोपपत्र. ते आलं म्हणजे न्यायालयाने आरोप ठेवला असं नव्हे. न्यायाधीश कागद पाहतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि मग आरोप 'निश्चित' करतात. आरोपीला तो वाचून दाखवतात, गुन्हा कबूल आहे का असं विचारतात. 'कबूल नाही' म्हटलं की खटला सुरू.

पण आरोप ठेवण्याइतकंही हाती काही नसेल, तर माणूस तिथेच सुटतो. एकही साक्षीदार पिंजऱ्यात आलेला नसतो. ही झाली आरोपातून मुक्तता. उलट, आरोप निश्चित झाले, साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या आणि सरकार पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही, तर ती निर्दोष मुक्तता. बातम्यांत दोन्हीला सर्रास 'दोषमुक्त' म्हणतात. 'दोषमुक्तीसाठी अर्ज' असं वाचलंत तर बहुधा पहिला प्रकार समजा.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. निर्दोष सुटलेल्यावर, तो निकाल कायम असेपर्यंत, त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. आरोपातून मुक्त झालेल्याला हे कवच मिळत नाही, तसं कायद्यातच स्पष्ट लिहिलंय. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी हा भाग तसाच आहे. म्हणून टिपणात पहिल्यासाठी 'आरोपमुक्त' आणि दुसऱ्यासाठी 'निर्दोष मुक्तता' लिहा. 'दोषमुक्त'ला शक्यतो हात लावू नका.

दुसरा प्रतिसाद : कोठडीबद्दल थोडं. 'न्यायालयीन कोठडी' ऐकून पुष्कळांना वाटतं, न्यायालयाच्या इमारतीत एखादी खोली असावी. प्रत्यक्षात तो तुरुंगच. पोलीस कोठडीत आरोपी तपास अधिकाऱ्याच्या ताब्यात असतो, न्यायालयीन कोठडीत तुरुंग प्रशासनाच्या. अटक झाल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, आणि यातली कोणती कोठडी हे तिथे ठरतं. कोर्टाच्या आवारात हे लांबलचक शब्द कोणी उच्चारत नाही. 'पीसीआर मागितला, एमसीआर झाला,' एवढ्यात काम भागतं. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन. एमसीआर झाला की वकील लगेच जामिनाच्या अर्जाला लागतो.

प्रश्नकर्ती : आणि 'जामीन'? आजोबा म्हणायचे, 'मी त्याला जामीन राहिलो होतो.' माणूस स्वतःच जामीन कसा?

पहिला प्रतिसाद : आजोबा मुळाशी जास्त जवळ आहेत. अरबीत 'जामिन' म्हणजे हमी घेणारा माणूस. मराठीत माणसावरून हमीवर आणि हमीवरून सुटकेवर अर्थ सरकत गेला. मग माणसासाठी वेगळा शब्द लागला, म्हणून 'जामीनदार' आला.

असाच आणखी एक सरकलेला शब्द, 'फितूर'. साक्षीदार आधीच्या जबाबापासून फिरला की तो 'फितूर'. मराठी कानाला त्यात किल्ल्याचा दरवाजा उघडून देणारा ऐकू येतो. पण तो घाबरलेला असेल, विकला गेलेला असेल, किंवा आधीचा जबाबच त्याच्या तोंडी घातलेला असेल. न्यायालयही त्याची साक्ष सरसकट फेकून देत नाही, विश्वास ठेवण्याजोगा भाग घेतं.

प्रश्नकर्ती : म्हणजे माझं वाक्य आता 'आरोपीला न्यायालयीन कोठडी सुनावली' असं करू? बातम्यांत तसंच असतं.

दुसरा प्रतिसाद : नको. सुनावतात, ठोठावतात ती शिक्षा. कोठडी ही शिक्षा नव्हे, तेव्हा आरोपी फक्त आरोपीच असतो. तुमचं आधीचं 'मिळाली'च बरं होतं.