फुल मॅरेथॉन : २८ किमीनंतर मळमळ आणि पोटऱ्यांत गोळे. खाण्यापिण्यात नेमकं काय चुकतंय?

सह्यवाट (प्रश्न)

जानेवारीत मुंबईची फुल आहे. वजन ६८ किलो, शाकाहारी (दूध-दही चालतं, अंडं नाही), लक्ष्य ४ तास ४५ मिनिटं. हाफपर्यंत काहीच त्रास नाही. ३२ किमीच्या सरावात मात्र दोन्ही वेळा २८ च्या पुढे मळमळ सुरू झाली आणि पोटऱ्यांत गोळे आले.

दुसऱ्या वेळचा हिशोब असा : निघण्याआधी एक केळं आणि कोरी कॉफी. २१ आणि २७ किमीला एकेक एनर्जी जेल (पुडीतला साखरेचा दाट पाक), दोन्ही स्पोर्ट्स ड्रिंकबरोबर. पाणी आणि ड्रिंक मिळून ४ लिटर. वेळ ३ तास ५० मिनिटं, मध्ये लघवीला थांबलो नाही. वजन आधी ६८.२, नंतर ६८.८. संपल्यावर डोकं जड, बोटातली अंगठी निघेना.

मीठ कमी पडतंय का? सॉल्टच्या गोळ्या सुरू कराव्यात का? जेलऐवजी चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू चालतील का? अजून नऊ आठवडे हातात आहेत.

पाणपोई

बाकी सगळं बाजूला ठेवून आधी वजन बघा. जवळजवळ चार तास धावून वजन ६०० ग्रॅमने *वाढलंय*. म्हणजे घामावाटे गेलं त्यापेक्षा जास्त पाणी पोटात गेलं. जड डोकं, मळमळ आणि सुजलेली बोटं ही त्याचीच लक्षणं असू शकतात. जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. ते लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली गेलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात, आणि ते फार खाली घसरलं तर मेंदूला सूज येऊन जीवावर बेततं. ही गोष्ट किरकोळ समजू नका. मॅरेथॉनमध्ये याचा धोका जास्त असतो तो चार तासांच्या पुढे लागणाऱ्या, वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबून बाटली संपवणाऱ्या मंडळींना.

सॉल्टच्या गोळ्यांनी हे सुटत नाही. पाणी असंच पीत राहिलात तर गोळीतलं मीठही त्यात पातळच होणार, वर तहान वाढून अजून पाणी प्यायलं जाईल.

तुमच्याच आकड्यांवरून घाम काढता येतो. ४ लिटर प्यायलात, त्यातले ०.६ अंगात राहिले, म्हणजे ३.४ लिटर घाम. भागिले ३ तास ५० मिनिटं, साधारण ताशी ९०० मिली. तेव्हा पिणं ताशी ५०० ते ६०० मिलीवर आणा, तेही तहानेच्या कलाने. पूर्ण अंतराला साधारण अडीच-पावणेतीन लिटर होतील आणि शेवटी वजन दीड किलोच्या आसपास घटलेलं असेल. एवढी घट अपेक्षितच आहे, ती भरून काढायला धावताना धडपडायचं नाही.

ही मोजणी परत करा, कारण थंडीतल्या घामाचा आकडा मुंबईच्या दमट हवेत चालत नाही. पद्धत : लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन. शर्यतीच्या वेगाने एक तास धावा, काय प्यायलात ते मिलीत लिहून ठेवा. घाम पुसून, ओले कपडे काढून पुन्हा वजन. वजनातली घट अधिक प्यायलेलं पाणी म्हणजे तासाचा घाम. ओल्या बनियनमध्येच वजन केलं की दोन-तीनशे ग्रॅमची चूक होते, आणि ही चूक बहुतेक जण करतात.

लांबपल्ला

पाण्याबद्दल वर लिहिलंय ते शंभर टक्के पटलं. आता इंधनाकडे.

स्नायू आणि यकृत मिळून साठवलेलं ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) ४००-५०० ग्रॅम असतं. ते साधारण ३० किमीच्या आसपास संपत येतं. तुम्ही एका केळ्यावर (२५ ग्रॅम कार्ब्स, म्हणजे पिष्ट आणि साखर) निघालात आणि पुढे दोन जेल, म्हणजे फार तर ४५-५० ग्रॅम, शिवाय ड्रिंकमधली थोडी साखर. पहिला जेल २१ किमीला, म्हणजे अडीच तासांनी! तोवर टाकी निम्म्याहून जास्त रिकामी झालेली असते. आतड्याकडचा रक्तपुरवठाही तोवर घटलेला असतो, कारण रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळलेलं. अशा आतड्यात एकदम जेल आणि स्पोर्ट्स ड्रिंक दोन्ही पडले की साखरेचं दाट द्रावण होतं. ते पातळ करायला शरीर उलट आतड्यातच पाणी सोडतं, आणि त्यातून ढवळणं, गुडगुड, कधी थेट जुलाब. जेल फक्त साध्या पाण्याबरोबर, दीड-दोनशे मिली. स्पोर्ट्स ड्रिंक घ्यायचं तर त्या अर्ध्या तासाला जेल नाही.

तुमच्या वेळेसाठी ताशी ५० ग्रॅम धरा. पहिला डोस धावायला लागल्यावर ३०-३५ मिनिटांनी, मग दर २५ ते ३० मिनिटांनी २२ ग्रॅमच्या आसपास. भूक लागायची किंवा दमायची वाट बघायची नाही. घड्याळात गजर लावा. नुसतं ग्लुकोज आतडं ताशी ६० ग्रॅमपर्यंतच शोषतं. फ्रुक्टोजचं दार वेगळं असल्यामुळे दोन्ही मिसळले की ९० पर्यंत जाता येतं, पण पावणेपाच तासांच्या धावपटूला तिथवर जायची गरज नाही.

पोटालाही पायांसारखाच सराव लागतो. नऊ आठवडे आहेत ना? मग दर रविवारी लांब पल्ल्याला : पहिले दोन रविवार ताशी ३० ग्रॅम, पुढचे दोन ४०, मग ५०. नेमाने साखर मिळत गेली की आतड्यातली ग्लुकोज शोषणारी यंत्रणा वाढते. शेवटच्या दोन आठवड्यांत नवीन काहीही चाखू नका, बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला गेल्यावर हातात पडणारे फुकट नमुने तर मुळीच नाही.

पोटऱ्यांतल्या गोळ्यांबद्दल : हा गोळा मिठामुळेच येतो असं नाही. दमलेल्या स्नायूवरची मज्जातंतूंची पकड बिघडणं हे मोठं कारण, म्हणून तो हातात न येता पोटरीतच येतो, आणि सरावापेक्षा वेगात धावलं की हमखास येतो. आला तर थांबा, टाच जमिनीवर टेकवून पोटरी २०-३० सेकंद ताणा, मग चालत सुरुवात. मुंबईत परतीच्या पेडर रोडच्या चढावर पोटऱ्यांची खरी परीक्षा असते. पहिले १० किमी ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे १०-१५ सेकंद हळू गेलात तर तिथे त्याचा उपयोग होतो.

गूळपाणी

चिक्की नको. शेंगदाण्यात निम्मं तेल असतं, ते पोटातून लवकर पुढे सरकत नाही. शिवाय धापा टाकताना चावायचं म्हणजे कण श्वासनलिकेत जायची भीती. राजगिऱ्याचा लाडू कोरड्या तोंडात भुगा होऊन टाळ्याला चिकटतो. दोन्ही धावून झाल्यावर खा. खजूर चालतो, पण त्यात तंतू असतात. तासाला चार-पाचच्या वर गेलात तर पोट कुरकुर करेल.

जेल महाग पडत असेल तर घरचा पाक : १०० ग्रॅम चिरलेला गूळ, ५० मिली पाणी, अर्ध्या लिंबाचा रस, पाव चमचा सपाट मीठ. मंद आचेवर गूळ *विरघळेपर्यंतच* ठेवा आणि गाळून घ्या. गुळात खडे, चिपाडं असतात, ती बाटलीच्या तोंडात अडकतात. उकळत ठेवलात तर तार यायला लागते आणि पहाटेच्या गारव्यात पाक घट्ट बसतो, पिळूनही बाहेर येत नाही. साधारण ११० मिली होतो, त्याचे चार डोस, प्रत्येकी २२ ग्रॅम साखर. मऊ पिळायच्या बाटलीत भरून प्रत्येक डोसाची रेघ मार्करने बाहेरून काढा. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहतो.

गुळात लोह असतं म्हणून हे करू नका, एवढ्याशा गुळात ते नगण्य. काम साखरेचंच आहे.

सह्यवाट

पाणी निम्म्यावर आणतोय आणि या रविवारपासून ३० ग्रॅम. दोन शंका : ओआरएस धावताना घेतलं तर? आणि आदल्या दिवशी नेमकं किती खायचं? संक्रांत त्याच आठवड्यात येते.

लांबपल्ला

ओआरएस जुलाबासाठी बनवलेलं आहे. १ लिटरच्या पाकिटात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम, म्हणजे इंधन म्हणून काहीच नाही. सोडियम मात्र भरपूर. त्यापेक्षा १ लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि एक लिंबू हे धावायला जास्त उपयोगी. हे घेतलंत तर त्यातली साखर ताशी ५० मध्ये धरा. खोक्यातली फळांच्या चवीची पेयं ओआरएस समजून घेऊ नका, त्यात साखर कितीतरी जास्त असते.

शनिवारी किलोमागे ८ ग्रॅम, म्हणजे ६८ × ८ = ५४० च्या आसपास कार्ब्स. हा आकडा ऐकायला सोपा, खायला अवघड, म्हणून मोजूनच करा. सकाळी १०० ग्रॅम सुके पोहे (७७) आणि दिवसभरात दोन केळी (५०). दुपारी १५० ग्रॅम तांदळाचा भात (११७) पातळ वरणाबरोबर, एक मोठा उकडलेला बटाटा (२५). चार वाजता कमी तुपाचा शिरा, ५० ग्रॅम रवा आणि तेवढीच साखर (८८). मधून दोन ग्लास कोकम सरबत (५०). संध्याकाळी सातच्या आत पुन्हा १५० ग्रॅम तांदळाचा दहीभात (११७). चहातली साखर धरून झाले. उसळ, कोशिंबीर, भाकरी, तळण त्या दिवशी बंद. भोगीची बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी पोटभर खा, शर्यतीला तेव्हा चार-पाच दिवस असतात. पण तिळगूळ शनिवारी नको, तिळातही निम्मं तेलच. वजन किलो-दीड किलो वाढेल. घाबरू नका, प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं.

पहाटे निघायच्या अडीच तास आधी मैद्याच्या ब्रेडचे तीन स्लाइस जॅम लावून, एक केळं, साखरेची कॉफी. शंभर ग्रॅम होतात, आणि हॉटेलच्या खोलीतही जमतं. त्याच वेळी ४०० मिली पाणी, मग सुरुवातीच्या रेषेवर दोन घोट.

रागी

एक राहिलं. शाकाहारी आहात आणि आठवड्याला ५०-६० किमी धावत असाल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं), बी १२ आणि ड जीवनसत्त्व तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन ३० च्या खाली असू शकतं, आणि पाय जड राहतात. रक्त द्यायच्या आधी दोन दिवस मोठी धाव नको, शरीरातल्या सुजेमुळे फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. रिपोर्ट न बघता लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. जेवणाला लागून चहा मात्र आजच बंद करा, तासाभराचं अंतर ठेवा, आणि वरणावर लिंबू पिळा.

प्रथिनं दिवसाला ९५ ते १०५ ग्रॅम. वरण-भात-पोळीत ती ५०-५५ च्या वर जात नाहीत. ५० ग्रॅम सुके सोया चंक्स (२६), १०० ग्रॅम पनीर (१८), एक मोठी वाटी दही (७) एवढं वाढवलं की पोहोचता. संकष्टी करत असाल तर त्या दिवशी फक्त हलकी धाव ठेवा. शेंगदाणे-तुपाच्या खिचडीपेक्षा साबुदाण्याची दुधातली खीर बरी.

आणि धावण्याआधी किंवा धावताना आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका. आधीच रक्तपुरवठा घटलेल्या मूत्रपिंडावर ताण येतो, पाणी बाहेर टाकणं मंदावतं, आणि वर पाणपोईंनी लिहिलेला सोडियमचा धोका वाढतो. शर्यतीत पुन्हा डोकं जड झालं, बोटं सुजली, उलटीची भावना आली तर पाणी पिणं थांबवा आणि पुढच्या वैद्यकीय तंबूत जाऊन किती प्यायलात ते आधी सांगा. नाहीतर दमलेला दिसतो म्हणून कोणीतरी आणखी एक बाटली हातात देईल.