समृद्धीवर ९० की १२०? ॲव्हरेजबद्दल मदत हवी आहे

मंडळी, जालन्याहून समृद्धीने नागपूरकडे जाताना १.२ लिटर पेट्रोल गाडी किती वेगाने ठेवावी? ३०० किमीला १२० ने अडीच तास, ९० ने तीन तास वीस मिनिटं. पण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, १२० ला तो ९० च्या जवळपास पावणेदोन पट होतो. वाचलेली पन्नास मिनिटं पेट्रोलमध्ये कितीला पडतात, तेच नेमकं हवंय. डिस्प्लेवरचा आकडा नको. एकाच पंपावर, पहिल्या ऑटो कटला (नोझल आपोआप बंद होताच थांबून) टाकी फुल करून काढलेलं ॲव्हरेज सांगा. सोबत एसी, माणसं, कॅरियर आणि पाचव्या गिअरला १२० वर आरपीएम किती, तेही लिहा.

आणि मे महिन्यात टायरमध्ये हवा किती ठेवता? तापलेल्या काँक्रीटवर कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो आणि फुटतो, त्यामुळे हवा कमी करायचा सल्ला कृपया कुणी देऊ नका.