बाबांच्या कॅसेटना बुरशी लागते आहे आणि रात्रीचा तो तास मला सोडायचा नाही : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दोन प्रश्न आहेत, पण ते एकमेकांत इतके गुंतलेत की एकाच धाग्यात विचारते.

बाबांनी भरलेल्या कॅसेटची दोन मोठी खोकी आमच्याकडे आहेत. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीवर राष्ट्रीय संगीत सभा लागायची, ती ते नेमाने भरून घेत. शिवाय सांगली केंद्रावरचं गाणं आणि इथल्या, मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफली. सगळ्यांत जास्त मात्र कुमार गंधर्व. बऱ्याच कॅसेटवर बाबांच्या बारीक अक्षरात राग आणि तारीख आहे, काहींवर काहीच नाही.

आई अर्धांगवायूमुळे अंथरुणावर आहे आणि तिचं सगळं मी करते. ती रात्री झोपली की मी एक कॅसेट लावते आणि वही घेऊन बसते. राग कोणता, ताल कोणता, बंदिशीचा मुखडा म्हणजे सुरुवातीची ओळ काय, तबल्यावर कोण, निवेदकाने काय सांगितलं, हे सगळं लिहून काढते. नुसतं मागे गाणं लावून ठेवण्याचा मला काही उपयोग होत नाही. गाणं चालू असतं आणि मी औषधांचा हिशेब करत असते. वही हातात असली की तसं होत नाही. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल आहे की तिलवाडा हे ठरवायचं तर मात्रा मोजाव्याच लागतात, बारा की सोळा. ते मोजताना डोक्यात दुसरं काही राहत नाही. त्या तासानंतर मला झोप लागते, एरवी लागत नाही.

त्यातही कुमारजीच का, हे मला आता कळू लागलंय. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं, देवासला कितीतरी वर्षं गाणं बंद होतं, आणि 1953 मध्ये ते पुन्हा गायला लागले. लांब दमसास नाही म्हणून त्यांनी गाणं आखूड केलं नाही. छोटे छोटे तुकडे, मध्ये थांबणं, आणि त्या थांबण्यातही सूर चालू असल्यासारखं वाटतं. दिवसभर दमलेल्या माणसाला ते फार जवळचं वाटतं.

आता अडचण. पावसाळ्यानंतर काही कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसायला लागली आहे. त्या मी लावलेल्या नाहीत, बाजूला ठेवल्या आहेत. स्वच्छ कशा करायच्या? संगणकावर घ्यायच्या तर कोणतं यंत्र बरं? बाजारात यूएसबीचे छोटे कॅसेट प्लेअर मिळतात, ते चालतील का?

दुसरं असं की नातेवाईक येतात आणि म्हणतात, "भजनं लाव की, आईलाही ऐकू येतील." सकाळी आईसाठी मी अभंग लावतेच. पण रात्रीचा तास माझा आहे, तो मला तसाच हवा आहे. हे कुणाला न दुखवता कसं सांगता? आणि हेडफोन लावला तर आईची हाक ऐकू येणार नाही ही भीती असते. आजारी माणसाचं करणाऱ्यांनी कृपया लिहा.

आणखी एक. एका कॅसेटवर नाव नाही, निवेदन कापलं गेलंय. आवाज कुमारजींचाच. राग मालकंसाच्या जवळपास वाटतो पण तो नाही. ओळखायचा कसा?

– मिरजकरीण

टेपवाला :
ताई, त्या कॅसेट लावल्या नाहीत हे उत्तम झालं. बुरशी हेडवरून, म्हणजे यंत्रात टेप ज्याला घासून जाते त्या भागावरून, पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. आधी बुरशीच्या सगळ्या कॅसेट वेगळ्या डब्यात घाला, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. काम करताना मास्क लावा, घरात आजारी माणूस आहे म्हणून हे काम गॅलरीतच करा.

ज्या कॅसेटच्या प्लॅस्टिकच्या खोक्याला पाच स्क्रू आहेत त्या उघडता येतात. सुकल्यावर टेप हाताने हळूहळू गुंडाळत कडा मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून घ्या, आणि रीळ दुसऱ्या स्वच्छ खोक्यात बसवा. आत फेल्टचा छोटा तुकडा असतो, तो गळून पडला असेल तर आवाज दबका येतो. तोही बदला. हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. रबरी रोलरला ते वारंवार लावू नका.

यूएसबीवाले स्वस्त प्लेअर घेऊ नका. त्यांची गती डळमळते आणि शास्त्रीय गाण्यात षड्जच हलला तर काय राहिलं? जुना चांगला डेक शोधा, त्याचा लाइन-आउट संगणकाला जोडा. आवाज भरून घ्यायचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर डब्ल्यूएव्ही फाइल करा; नव्वद मिनिटांच्या कॅसेटला साधारण दीड जीबी लागेल. मूळ फाइलमधली खरखर काढू नका, काढायची तर प्रत करून तिच्यात काढा. हेडजवळ एक छोटा स्क्रू असतो, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे त्याचा गुंजारव, सर्वांत स्पष्ट ऐकू येईल तिथवर तो अगदी थोडा फिरवायचा. बाबांच्या यंत्राचं हेड थोडं तिरकं असेल तर एवढ्यानेच आवाज उघडतो.

एक युक्ती सांगतो. रेडिओवरून भरताना विजेची गुणगुण बहुधा टेपवर उतरलेली असते. आपल्याकडे ती 50 हर्ट्झची. ऑडॅसिटीत आलेखावर ती 52 ला दिसली तर तुमचा डेक जोरात पळतोय किंवा भरताना यंत्र हळू चालत होतं. त्या हिशेबाने गती दुरुस्त केली की खरी पट्टी मिळते. ही ध्वनिमुद्रणं घरापुरतीच ठेवा, हक्क आकाशवाणीचे आहेत.

कोमल_धैवत :
रागाबद्दल : आधी मुखड्याचे शब्द जसे ऐकू येतात तसे लिहा, अर्थ लागो न लागो. मग अंतरा, म्हणजे बंदिशीचा पुढचा भाग. अंतऱ्यात 'शोक' असा शब्द आला तर बंदिश कुमारजींचीच, ती त्यांची मुद्रा, म्हणजे रचनाकार बंदिशीत घालतो ते टोपणनाव. 'प्रेमपिया' असेल तर फैयाज खाँ, 'गुणीदास' असेल तर जगन्नाथबुवा पुरोहित, 'सदारंग' असेल तर जुनी. कुमारजींची असेल तर 'अनूपरागविलास' पाहा, दोन भाग आहेत, स्वरलिपीसह.

मालकंसाच्या जवळचा पण नाही, तर ते धुनउगम राग डोळ्यांसमोर ठेवा जे त्यांनी माळव्याच्या लोकधुनांतून काढले : संजारी, मालवती, लगनगंधार, मधसुरजा, सहेली तोडी. कोणते स्वर लागतात ते इथे लिहा, दोन-तीन जण तरी नक्की सांगतील. आणि वहीत एक रकाना 'मला काय वाटलं' असाही ठेवा. मी ठेवतो. राग चुकला तरी तो रकाना चुकत नाही.

सांजवेळ :
मिरजकरीण ताई, मी सासऱ्यांचं केलं आहे. हेडफोनचं सांगते. बिनतारी डोअरबेल आणा, जिला दिवाही लागतो अशी. बटण आईंच्या चांगल्या हाताशी पट्टीने बांधा आणि घंटा तुमच्या वहीसमोर ठेवा. हाक ऐकू नाही आली तरी दिवा दिसतो. रात्री दर दोन तासांनी कूस बदलत असाल तर नव्वदची कॅसेट मधल्या वेळात नीट बसते.

नातेवाइकांना कारण देऊ नका. कारण दिलं की त्यावर चर्चा होते. "दहा ते अकरा मी बसते, तेवढा वेळ आईजवळ बसाल का?" असं विचारा. निम्मे लोक सल्ला द्यायचं थांबवतात आणि एखादी नणंद किंवा मावशी खरंच बसते. हा तास हौस म्हणून मागू नका, औषधाची वेळ सांगतो तसा ठामपणे सांगा. तुम्ही झोपलात तर आईंचं नीट होणार आहे.

मिरजकरीण :
सगळ्यांचे मनापासून आभार. बेल आजच मागवली. मावशीला विचारलं, ती गुरुवारी येते म्हणाली.

कोमल_धैवत, अंतरा पुन्हा ऐकला. 'शोक' आहे, दोनदा! स्वर उद्या नीट उतरवून इथे टाकते, घाईत काही लिहायचं नाही.

टेपवाला, आमच्या खोक्यांतल्या निम्म्या कॅसेटना स्क्रू नाहीत, चिकटवलेल्या आहेत. त्या कापून उघडायच्या का, आणि रिकामी स्क्रूची खोकी कुठे मिळतील? सांगली-कोल्हापूर भागात जुने डेक दुरुस्त करणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.